फळ म्हणजे नेमकं काय? बाप्तिस्म्यांचा आकडा की माणसाचा स्वभाव?

द्राक्षबागवाला (निफाड):
आमच्या मंडळीची (चर्चची) वार्षिक सभा झाली, अहवालात बाप्तिस्मे किती, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग दान) किती, हॉलचा स्लॅब कधी, आणि शेवटी "प्रभूने यंदा भरपूर फळ दिलं". मला ते फार लागलं हो, कारण माझ्याच पुढच्या बाकावर दोन सख्खे भाऊ दोन टोकांना बसले होते, बांधावरून चार वर्षं बोलत नाहीयेत. बायबलमधे गलतीकर ५:२२-२३ला आत्म्याचं फळ दिलंय ना स्पष्ट, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं काय अहवालात आलं?

पाळकाची सून:
दादा, नाही पटलं. स्वभाव सुधारत घरी बसायचं का मग? पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली गोळा करून आणल्या, केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचा आश्रम, त्यातूनच वाढलं. ते फळ नाही तर काय आहे? बायबलमधे याकोब सरळ म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव. आणि आकड्यांना नावं ठेवू नका, माझ्या सासूबाई दर गुरुवारी सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात जातात, अहवालात नुसतं "भेटी ४०" येतं पण ती चाळीस माणसं आहेत, कोणाची वेणी घालून देतात, कोणाला पेज भरवतात.

द्राक्षबागवाला:
ताई, सासूबाईंचं काम म्हणजे ममताच की, मी तेच म्हणतोय. पण रमाबाईंचं बघा, सोळाव्या वर्षी आईवडील दुष्काळात गेले, मग बहीण, भाऊ, १८८२ला नवरा, मला ती देवाची छाटणीच वाटते. माझ्या बागेत एप्रिलला खरड छाटणी करतो, सगळं खरडून एकेक डोळा (कोंब फुटायची जागा) ठेवायचा, नवखा माणूस म्हणेल बाग संपली. पण फेब्रुवारीत जो घड उतरतो तो त्याच उन्हाळ्यात नव्या काडीच्या डोळ्यात तयार होत असतो, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. योहान १५ मधे बाप, म्हणजे देव, द्राक्षवेलाचे फाटे साफ करतो ते मला दरवर्षी कात्री हातात घेतली की आठवतं.

शांतवन:
माफ करा पण इथे मी थांबवते. माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं तेव्हा घरी येऊन एकांनी हेच सांगितलं, प्रभू छाटणी करतोय म्हणून. मी वर्षभर उपासनेला गेले नाही. प्रत्येक दुःखाला छाटणी म्हणू नका प्लीज, लूक १३ मधला माळी बघा, अंजिराला तीन वर्षं फळ नाही, मालक तोडायला निघालाय आणि हा म्हणतो अजून एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. मला तो माळी हवा होता. शेजारची बाई मात्र महिनाभर न बोलता भाकरी-भाजी ठेवून जायची, ती ख्रिस्ती पण नव्हती.

द्राक्षबागवाला:
ताई, चुकलं माझं. रमाबाईंच्या घरच्या मरणांना पण मी छाटणी म्हणायला नको होतं, मागे घेतो.

पाळकाची सून:
मला पण गप्प व्हायला झालं. तरी माझं म्हणणं सोडत नाही, ती भाकरी आणून ठेवली म्हणून तर ममता पोचली ना, नुसती मनात असून काय उपयोग. दादा, त्या दोन भावांकडे तुमच्यापैकी कोणी गेलं का चार वर्षांत?

द्राक्षबागवाला:
नाही गेलं. मी पण नाही. रविवारी उपासनेनंतर थोरल्याच्या घरी जातोय, काय बोलायचं ते अजून सुचत नाहीये, प्रार्थनेत आठवण ठेवा.