यंत्राला अनुदान की धंद्याला खेळतं भांडवल?

माळरान

स्वयंरोजगाराच्या सरकारी योजनेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: सबसिडी किती टक्के? धंदा चालेल का, हा प्रश्न नंतर येतो आणि बऱ्याचदा येतच नाही. माझं मत सरळ सांगतो. यंत्रसामग्रीवर अनुदान देणं सरकारने हळूहळू थांबवावं आणि तो पैसा व्याज परतावा, कर्जहमी आणि खेळत्या भांडवलाकडे, म्हणजे कच्चा माल आणि रोजच्या खर्चासाठी लागणाऱ्या पैशाकडे, वळवावा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, 2008 पासून चालू आहे. उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सेवेसाठी 20 लाखांपर्यंतचा. ग्रामीण भागातल्या महिलेने 10 लाखांचा प्रकल्प टाकला तर तिचे स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 50 हजार. बँकेचं कर्ज साडेनऊ लाख. सरकारचं अनुदान 35 टक्के, साडेतीन लाख. शहरातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला हेच अनुदान 15 टक्के आणि स्वतःचा वाटा 10 टक्के. हा फरक मला मान्य आहे, त्यावर वाद नाही.

वाद पुढे आहे. हे साडेतीन लाख तिच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत पडून राहतात, प्रत्यक्ष पडताळणी झाली की कर्जात वळते होतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा खरा. पण भांडवली खर्च नसलेला प्रकल्प या योजनेत बसतच नाही. त्यामुळे गरज असो-नसो, यंत्र घ्यावंच लागतं, आणि अनुदान टक्क्यात असल्यामुळे मोठं यंत्र घेण्याचा मोह होतो.

मी हिशेब लिहिण्याचं काम करतो, प्रकल्प अहवाल सतत डोळ्याखालून जातात. मसाला युनिटच्या अहवालात पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र), पॅकिंग मशीन, शेड, सगळं कोटेशनसकट असतं. मिरचीच्या खरेदीचं पान मात्र अर्धं. नंदुरबारची मिरची हंगामात काही महिनेच बाजारात येते. वर्षाचा माल तेव्हाच भरून ठेवला तर दर परवडतो. त्या वेळी खात्यात रोकड नसेल तर यंत्र उभं राहतं आणि हप्ता चालू होतो. बंद पडलेली जी युनिटं मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांचं यंत्र ठणठणीत होतं. संपला होता तो पैसा.

उंबरठा

माळरान, तुमचा मिरचीचा मुद्दा शंभर टक्के पटला. त्यातून काढलेला निष्कर्ष अजिबात पटला नाही.

मी बचत गटांबरोबर काम करते. आमच्याकडच्या बाईच्या नावावर सातबारा नसतो, घर नसतं, सोनं असलं तर ते सासूच्या कपाटात. ती बँकेत जाते तेव्हा नवऱ्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, बघतात. त्याने ट्रॅक्टरचे दोन हप्ते चुकवले असतील तर हिचा अर्ज बाजूला पडतो. अशा बाईला तुम्ही व्याज परतावा देणार? व्याज परत मिळायला आधी कर्ज मिळावं लागतं. मराठा समाजासाठीच्या अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेत तेच आहे: हप्ता वेळेवर भरा, मग व्याजाची रक्कम खात्यात. ज्याच्याकडे पहिला हप्ता भरायची ताकद आहे, त्याच्यासाठी ती योजना उत्तम आहे. बाकीच्यांनी काय करायचं?

अनुदान म्हणजे गरिबाचं स्वतःचं भांडवल. पैसेवाल्याच्या मुलाला वडील 4 लाख देतात, त्याला कोणी फुकटचा पैसा म्हणत नाही. ते 4 लाख सरकारने दिले की लगेच शिस्तीची चर्चा सुरू होते, याचा मला मनापासून राग येतो.

आणि खेळत्या भांडवलाला अनुदान देता येत नाही असं कुठे आहे? 2020 मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, पीएमएफएमईमध्ये, बचत गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, कच्चा माल आणि छोट्या अवजारांसाठी. आमच्या गटांना त्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा मोठ्या यंत्रांचा झाला नाही. तेव्हा अनुदान ठेवा, त्याचं रूप बदला. काढून घेऊ नका.

शाखा_निवृत्त

बँकेत नोकरी केली, ग्रामीण शाखांमध्ये बराच काळ. दोघांनाही थोडं सांगतो.

अनुदान तीन वर्षं अडकवून ठेवण्यामागे इतिहास आहे. 1980 पासून देशभर आयआरडीपी, म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास योजना, राबवली. तिथे अनुदान सुरुवातीलाच मिळायचं. म्हैस घेतली, अनुदान जमा झालं, म्हैस विकली, कर्ज थकलं, हे गावोगाव घडलं. काही ठिकाणी म्हैस कागदावरच होती. 1999 मध्ये ती योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली, आणि या नव्या योजनेत अनुदान मागाहून मिळायचं. पीएमईजीपीतली मुदत ठेव त्याच धड्यातून आली आहे. उद्या कोणी म्हणालं की पैसे थेट हातात द्या, तर आधी हे आठवावं.

आता बँकेची बाजू. 10 लाखांपर्यंत सूक्ष्म-लघु उद्योगाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच सांगितलं आहे. वर सीजीटीएमएसई या कर्जहमी निधीची हमी आहे. तरी शाखेत "घराचे कागद आणा" का म्हणतात? कारण खातं एनपीए झालं, म्हणजे थकीत ठरलं, तर हमी मिळेपर्यंत बराच रस्ता आहे. माझ्या वेळी वसुलीची कायदेशीर कारवाई सुरू केल्याशिवाय सहसा दावाच करता येत नसे. तोवर वरून विचारणा होते ती मंजुरीवर सही करणाऱ्याला. तरुण अधिकारी घाबरतो. हे समर्थन नाही, पण योजना आखणाऱ्यांनी या भीतीचा विचार केलेला मला कधी दिसला नाही.

दुसरं, मार्च. उद्दिष्ट वर्षाच्या शेवटी पूर्ण करायचं म्हणून प्रकरणांचा गठ्ठा एकदम येतो. ज्या प्रकरणाला जागेवर जाऊन दोन तास द्यायला हवेत, त्याला दहा मिनिटं मिळतात.

खोडवा

एजंटांबद्दल कोणी बोलतच नाहीये. अर्ज ऑनलाइन आहे, फुकट आहे, कुणीही भरू शकतो. तरी तालुक्याच्या गावी "प्रकरण करून देतो" म्हणणारे आहेतच, आणि ते टक्क्यावर बोलतात. अनुदान मोठं, त्यांचा टक्का मोठा. कोटेशन फुगवायला सांगणारेही तेच. मुद्रा कर्जात अनुदान नाही, तिथे हे लोक फारसे फिरकत नाहीत. यावरून काय ते समजा.

उंबरठा

खोडवा, मग एजंटाला पकडा. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज भरून द्यायला माणूस बसवा. बाईचं अनुदान बंद करून एजंट संपवणं हा कुठला न्याय?

दुष्काळी_पट्टा

तुम्ही सगळे एका माणसाच्या कर्जाबद्दल बोलताय. स्थानिक अर्थव्यवस्था एका माणसाच्या यंत्राने उभी राहत नाही. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडले, जितका मागास तालुका तितकी सवलत जास्त. प्रादेशिक असमतोलावर 1983 ची दांडेकर समिती झाली, 2013 मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. तरी कारखानदारीचा मोठा भाग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच दिसतो. सवलतीने कारखाना येत नाही. वीज, पाणी, रस्ता, कुशल कामगार आणि जवळचं गिऱ्हाईक असेल तिथे तो येतो.

छोट्यांचंही तेच. दहा जणांना दहा पल्व्हरायझर देण्यापेक्षा एक सामायिक सुविधा केंद्र, एक शीतगृह, एक तपासणी प्रयोगशाळा द्या. समूह विकास योजनेत याची सोय आहे, पण त्यासाठी लोकांना एकत्र आणावं लागतं आणि ते काम कुणालाच नको असतं.

माळरान

दुष्काळी_पट्टा, सामायिक केंद्राला माझा पाठिंबा, पण ते चालवणार कोण हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. नाहीतर उद्घाटनाची फीत कापली जाते आणि वर्षाने वीजबिल थकतं.

उंबरठा, तुमची पहिली अडचण, कर्जच मिळत नाही, ही माझ्या मांडणीतली खरी फट आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. मला पीएम स्वनिधीचा मार्ग बरा वाटतो. 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी ती आली तेव्हा पहिलं कर्ज 10 हजार, ते फेडलं की 20 हजार, मग 50 हजार. तारण नाही. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत. माणसाची पत त्याच्या फेडीतून तयार होते, नवऱ्याच्या सिबिलमधून नाही. छोट्या उत्पादकाला अशी शिडी द्या. आधी हंगामापुरतं भांडवल, ते फिरलं की यंत्र. आज आपण पहिल्या दिवशी यंत्र देतो आणि भांडवलासाठी त्याला सावकाराकडे पाठवतो.

आणखी एक. गटाने माल विकला तरी पैसे कधी येतात? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने 45 दिवसांत पैसे द्यायचे आहेत, उशिरावर चक्रवाढ व्याज आहे. छोटा पुरवठादार तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. हे पैसे वेळेवर आले तर निम्म्या लोकांना कर्ज वाढवायची वेळ येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

शाखा_निवृत्त

मधला मार्ग सुचवतो. अनुदान तेवढंच ठेवा, पण सगळं तीन वर्षं पाडून ठेवू नका. पहिलं वर्ष हप्ते नियमित आले आणि कॅश क्रेडिट खातं (खेळत्या भांडवलासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढायचं-भरायचं कर्जखातं) खरोखर फिरलं, तर अनुदानाचा एक भाग तेव्हाच कर्जात वळता करा आणि तेवढी मर्यादा खेळत्या भांडवलात वाढवून द्या. खातं फिरतंय की नाही हे बघण्याची अट आजही नियमात आहे: तीन वर्षांत कॅश क्रेडिटची मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली हवी, वापर 75 टक्क्यांच्या खाली नको. तीच पडताळणी दोन वर्षं अलीकडे आणायची.

उंबरठा

पहिल्याच वर्षी नियमित हप्ते? दादा, पहिलं वर्षच तर सगळ्यात अवघड असतं. बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, पावसाने बुडालेला आठवडी बाजार. एक हप्ता मागे पडला म्हणून तिचा हक्काचा हिस्सा लांबणार असेल, तर तुमचा नियम पुन्हा ज्याच्या घरात आधार आहे त्यालाच फळेल. वर्षाऐवजी हंगाम धरा. एका हंगामात माल घेतला, विकला आणि पैसे बँकेत फिरले, एवढं दिसलं की पुरे. हप्त्याची तारीखही विक्रीनंतरची ठेवा, मिरची भरायच्या महिन्यातली नको. एवढं मान्य असेल तर मी तुमच्या बाजूने उभी आहे.