ध्यान ठीकच, पण आधी उधारी बघा
कोणीतरी सल्ला दिलाय की रोज ध्यान करा, धंद्याचं टेन्शन जाईल. खोटं नाही, पण माझं टेन्शन डोक्यात नव्हतं हो, बँक खात्यात होतं! रात्री 3 ला जाग यायची आणि स्टाफला द्यायच्या पगाराचा आकडा डोळ्यासमोर नाचायचा. शेवटी पुढच्या 13 आठवड्यांचा कॅश फ्लो शीटवर मांडला, कधी किती येणार, किती जाणार, तर सहाव्या आठवड्यात मोठा खड्डा दिसला, मग उधारी थकलेल्या दोन कस्टमरना आधीच फोन लावले, एकाने अर्धे दिले, दुसरा अजून टोलवतोय. पण झोप लागायला लागली. (संध्याकाळची कॉफीपण बंद केली, साधारण 5 तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं हे फार उशिरा कळलं.) आणि पार्टनरपासून आकडे लपवू नका, मी लपवले होते, त्याचंच ओझं जास्त होतं.