आयरिश फिडलवादक मार्टिन हेजला पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकायला जातोय. कुठे बसू, काय ऐकून जाऊ?

लिफीकाठचा

नमस्कार मंडळी. डब्लिनला नोकरीसाठी आलो तेव्हा आयरिश संगीत म्हणजे टेंपल बार भागातल्या पबांत पर्यटकांसाठी दणक्यात चालतं तेच, अशी माझी समजूत होती. मग ऑफिसातल्या एकाने मार्टिन हेज आणि डेनिस कॅहिल यांचं 1999 साली निघालेलं सिॲटलचं लाइव्ह रेकॉर्डिंग पाठवलं. एक फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक गिटार, बस. त्यात जवळजवळ अर्धा तास न थांबता वाजवलेली एक मालिका आहे. तेव्हापासून घरात दुसरं काही लागत नाही आणि बायको वैतागली आहे.

आता नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये हेजचा कार्यक्रम आहे आणि दोन तिकिटं काढायच्या बेतात आहे. खाली समोर बसू, बाल्कनीत, की स्टेजच्या मागच्या स्वस्त खुर्च्या घेऊ? आधी काही ट्यून्स ओळखायला शिकून जावं का? मला तर सगळ्या सारख्याच वाटतात, नावं अजिबात लक्षात राहत नाहीत. आणि दाद कशी द्यायची? मला मध्येच ‘वाह’ म्हणायची खोड आहे, इथे लोक वळून बघतील का?

क्लेअरची काकू

अरे वा, आमच्या गावचा माणूस ऐकायला निघालास! म्हणजे मी एनिसला राहते आणि तो फीकलच्या बाजूचा, पण क्लेअर परगण्यात एवढं अंतर कुणी मोजत नाही. मी इथे फिडल शिकते, अजून शिकतेच आहे, त्यामुळे अधिकारवाणीने बोलायचा मला पूर्ण हक्क आहे.

आधी खुर्ची. खाली, मधल्या रांगांत, आणि स्टेजकडे तोंड केल्यावर तुझ्या डाव्या हाताला. फिडल डाव्या खांद्यावर असतं, बो, म्हणजे गज, उजव्या हातात. डावीकडे बसलास की तो उजवा हात अख्खा दिसतो. उजवीकडे बसलास तर फिडलची मान आणि बोटांची मागची बाजू बघत बसशील. आवाज स्पीकरमधून येतो म्हणून कुठेही बसा, असं लोक सांगतील. आवाजासाठी ते खरं असेल, पण या माणसाचं अर्धं गाणं मनगटात आहे. पहिली ट्यून सुरू करताना तो गजाचा जेमतेम चार बोटं भाग वापरतो, गजाचे केस तारेला लागतायत की नाही असं वाटावं इतक्या हलक्या हाताने. मालिका तापत जाते तसा बो लांब होत जातो, खांदा सुटतो, मग मान, मग ते कुरळे केस. हे लांबून कळत नाही.

स्टेजच्या मागच्या कॉयरच्या बाल्कनीत खुर्च्या विक्रीला असल्या तर त्या वाईट नाहीत, पण पहिल्या वेळी नको. पाठ बघायला पुन्हा कधीतरी जा.

ट्यून्सचं म्हणशील तर नावं पाठ करू नकोस. इथल्या वाजवणाऱ्यांनाही नावं आठवत नाहीत, ‘ती जी मधली, अमक्याकडून उचललेली’ असंच चालतं. फक्त घडण समजून घे. बहुतेक रील आणि जिग (दोन्ही नाचाच्या ट्यून्स) दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ मात्रागटांचा, म्हणजे आठ बारचा, आणि तो दोनदा वाजतो. झाले बत्तीस बार. नाचाच्या लयीत रीलची अशी एक फेरी अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते. ती दोन-तीन वेळा वाजवायची आणि न थांबता पुढच्या ट्यूनमध्ये शिरायचं. अशा जोडलेल्या ट्यून्सना इथे सेट म्हणतात. तुला त्या सगळ्या सारख्या वाटतात कारण तू एकेक ट्यून वेगळी करून ऐकायला बघतोयस. सेट ऐक. तो कुठून निघाला, कुठे वळला, स्वर कुठे बदलला. ऐकायचं आहे ते हे वळण.

आणि दाद तिथेच द्यायची. एक ट्यून संपून दुसरी उघडते, समजा डी पट्टीतून जी पट्टीत, तेव्हा हॉलमधून एखादा ‘हुप!’ किंवा ‘यो!’ येतो. तुझा ‘वाह’ त्यात सहज खपेल. पण तालावर टाळ्या मात्र वाजवू नकोस, शेजारचे वाजवत असले तरी. आवाजाला 30 मीटर कापायला सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो. मागच्या रांगेची टाळी स्टेजवर पोचेपर्यंत वाजवणारा पुढच्या स्वरावर गेलेला असतो. द्रुत रीलमध्ये तो एक सूर संपायला एवढाच वेळ लागतो. म्हणजे तू प्रेमाने त्याला मागे खेचतोयस.

अजून एक. डेनिस कॅहिल 2022 मध्ये गेले. त्यामुळे सिॲटलचा तो आवाज डोक्यात ठेवून जाऊ नकोस. हल्ली कॉमन ग्राउंड एन्सेंबल नावाचा संच त्याच्याबरोबर असतो, त्यात पियानो आहे, चेलो आहे. 2023 चा अल्बम त्यांचाच. तो एकदा ऐकून जा, म्हणजे चेलो दिसल्यावर तोंड वाकडं व्हायचं नाही. अर्थात तुझ्या कार्यक्रमात कोण आहे ते तिकिटाच्या पानावर बघ आधी.

मंद्रसप्तक

काकूंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी हेज ऐकला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हा ख्यालच आहे असं वाटलं. विलंबितात निवांत सुरुवात, मग मध्यलय, शेवटी द्रुत. रागसंगीत ऐकणाऱ्या कानाला वेगळी तयारी लागतच नाही. बिनधास्त जा.

क्लेअरची काकू

मंद्रसप्तक, लयीपुरतं मान्य. पुढे मात्र फसाल. ख्यालात गाणारा राग उलगडत नेतो, बंदिश हे निमित्त. इथे ट्यून ठरलेली आहे, हाड न् हाड. आलाप नाही, तान नाही. तिसऱ्या फेरीला तो ट्यून मोडून काही नवं उभं करील म्हणून वाट बघाल तर वाटच बघत राहाल. बदल होतो तो बारीक: पहिल्या फेरीत एक लांब सूर धरला असेल तर दुसऱ्या फेरीत त्याच जागी रोल येतो, म्हणजे मुख्य सुराला वरचा आणि खालचा सूर चाटून परत येणं, पाच सुरांचा छोटासा गुंता. किंवा बो उलट्या जागी वळतो आणि जोर भलत्याच सुरावर पडतो. किंवा अख्खा एक सूर गाळतो आणि ती जागा पाय भरून काढतो. त्याचे पाय बघा, ते तालवाद्यच आहे.

कॅलेडोनियन

थोडा विरोधी सूर लावतो. मी सेट डान्सिंगला, म्हणजे जोड्यांच्या समूहनाचाला, जातो (नाव त्यावरूनच घेतलंय, कॅलेडोनियन हा क्लेअरचा प्रसिद्ध सेट, इथे सेट म्हणजे नाच). आमच्या वर्गात हेजचं नाव काढलं की दोन तट पडतात. रील ही नाचायची गोष्ट आहे. ती इतकी सावकाश वाजवली की पाय उचलून ठेवायचा कुठे? हॉलमध्ये अंधार करून, हजारभर माणसं खुर्च्यांत बसवून, श्वास रोखून ऐकायचं हे संगीत नव्हेच. लिफीकाठच्या भावाला मी सांगेन, कार्यक्रमाला जा, पण हेच आयरिश संगीत असं समजून घरी येऊ नकोस.

क्लेअरची काकू

शेवटचं वाक्य सोलापुरी चादरीवर भरतकाम करून देते तुम्हाला, इतकं पटलं. बाकी नाही.

हा माणूस नाचणाऱ्यांसमोरच वाढलाय. वडील पी. जे. हेज टुला केली बँडचे फिडलवादक, वर्षानुवर्षं त्यांनीच तो बँड चालवला. 1946 साली सुरू झालेला बँड आहे, लोकांना नाचवणं हेच काम. मार्टिन पोरवयातच त्यात वाजवायला लागला. त्यामुळे तो सावकाश वाजवतो ते नाच ठाऊक नाही म्हणून नव्हे. पूर्व क्लेअरची जुनी फिडलची चालच तशी, जरा रेंगाळणारी, उदास सुरांकडे कललेली. वेग कमी केल्यावरही आतली उसळी टिकवणं फार अवघड असतं. मला विचारा. मी सावकाश वाजवते तेव्हा नुसतंच सावकाश होतं. तो वाजवतो तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या टाच हलते.

आणि सेटच्या शेवटी तो जिथे पोचतो त्या लयीत तुमचा कॅलेडोनियन आरामात होईल. फक्त वीस मिनिटं कोपऱ्यात उभं राहायची तयारी हवी, जी नाचणाऱ्यांत नसते.

पण हॉलबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. म्हणून लिफीकाठच्या, तुला गृहपाठ देते: कार्यक्रमाच्या आधी एक संध्याकाळ स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबमध्ये घालव. टेंपल बार नव्हे. पुढच्या दाराने आत शिरलं की तिथेच कोपऱ्यात वाजवणारे बसतात. गोलातली रिकामी खुर्ची तुझ्यासाठी नाही, ती उशिरा येणाऱ्या बासरीवाल्याची. फर्माईश करायची नाही, न विचारता शूटिंग करायचं नाही, आणि कुणी गायला लागलं तर ग्लाससुद्धा वाजू द्यायचा नाही. तिथे बघ, ट्यून बदलायच्या जरा आधी वाजवणारी मान वर करते, डोळ्याने शेजाऱ्याला खुणावते, कधी नुसतं ‘ए!’ म्हणते, म्हणजे पुढची ए पट्टीत. अर्ध्यांना ट्यून ओळखायला दोन बार लागतात, तोवर ते बो हवेत धरून बसतात आणि मग एकेक जण आत शिरतो. हे एकदा जवळून बघितलंस की हॉलमध्ये हेज चेलोवालीकडे का बघतोय ते आपोआप कळेल.

लिफीकाठचा

काकू, तुम्ही म्हणजे कमाल आहात. डावीकडच्या दोन खुर्च्या घेतल्या, मधली रांग. कॅलेडोनियनदादा, तुमचा मुद्दाही लक्षात ठेवतो. बायकोला हे सगळं वाचून दाखवलं, तिचं म्हणणं पडलं की हॉलपेक्षा पबच बरा वाटतोय.

हॉलला गाडी न्यावी का? आणि फीकलला जायचं झालं तर कधी जावं?

मंद्रसप्तक

गाडी कशाला? लुआस ट्रामची ग्रीन लाइन. सेंट स्टीफन्स ग्रीन किंवा हारकोर्ट, कुठेही उतरलात तरी हॉलचा रस्ता, अर्ल्सफोर्ट टेरेस, चालत काही मिनिटांवर. जरा लवकर जाऊन इमारत बघा. जागा 1865 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाची, नंतर विद्यापीठाकडे गेली, अँग्लो-आयरिश तहावरची गाजलेली चर्चा तिथेच झाली, 1921 चा डिसेंबर आणि 22 चा जानेवारी. कॉन्सर्ट हॉल झाला 1981 मध्ये.

(ख्यालाचं माझं म्हणणं मी निम्मं मागे घेतो. निम्मंच.)

क्लेअरची काकू

फीकलला ऑगस्टमध्ये. तेव्हा तिथे पारंपरिक संगीताचा महोत्सव असतो आणि एवढ्याशा गावात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे राहायचं फार आधी ठरव. नाहीतर एनिसला राहा आणि गाडीने ये-जा कर. इथे गाडी आणच, फीकलला रेल्वे नाही. सेशन, म्हणजे वाजवणाऱ्यांची बैठक, पेपर्स नावाच्या पबमध्ये असतं. त्याआधी जुलैत मिलटाउन मालबेला विली क्लॅन्सी समर स्कूल असतं, 1973 पासून चालू आहे. बायकोला पब आवडत असेल तर तिला तिकडे आधी ने. आठवडाभर गावातल्या प्रत्येक पबात कुणी ना कुणी वाजवत असतं, आणि दिवसा सेट डान्सिंगचे वर्ग असतात, तिथे कॅलेडोनियन भेटतीलच.

कार्यक्रम झाला की इथे लिहायला ये. पहिला सेट कुठल्या लयीत उघडला आणि किती वेळ चालला, एवढं तरी सांग.