मदत हवी आहे: जो मॅकडोना कपच्या गुणतक्त्यातली बरोबरी कशी सोडवायची?

आयर्लंडच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळातल्या या दुसऱ्या फळीच्या काउंटी स्पर्धेचा एक्सेल तक्ता करतोय. सहा संघ, प्रत्येकी पाच सामने. विजयाला 2 गुण, बरोबरीला 1. पहिले दोन फायनलला, तळाचा खालच्या फळीच्या ख्रिस्टी रिंग कपमध्ये.

गोल आणि पॉइंट वेगळ्या रकान्यांत घेतलेत. एकाच चौकटीत ‘1-18’ (1 गोल, 18 पॉइंट) टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं! बेरीज गोल × 3 + पॉइंट: 2018च्या फायनलला कार्लो 2-26 म्हणजे 32, वेस्टमीथ 1-24 म्हणजे 27.

दोन संघ समान गुणांवर असतील तर आपसातला सामना, तीन असतील तर थेट स्कोअरमधला फरक (केलेला वजा खाल्लेला), इथवर ठीक. पण फरकाने तिघांतला एक वर गेला आणि उरलेल्या दोघांचा फरकही सारखाच निघाला, तर? पुन्हा आपसातला सामना, की एकूण केलेला स्कोअर? नियमावलीतल्या कलमासकट सांगा, सूत्र तिथेच अडलंय.