शब्दचर्चा: मासा ‘पॅन-सीअर’ करणे, ‘डीग्लेझ’ आणि सॉस ‘स्प्लिट’ होणे

पुणेकरीण: एका फ्रेंच कृतीचं मराठी करते आहे. पांढऱ्या माशाची तुकडी पॅन-सीअर करायची, त्याच पॅनमध्ये वाइन ओतून डीग्लेझ, मग रिड्यूस, शेवटी लोणी. सॉस ‘स्प्लिट’ होऊ द्यायचा नाही. मी ‘मासा परतून घ्या’ लिहिलं तर घरात हशा पिकला.

अलिबागकर: पिकणारच. परततात कांदा. मासा परतायला जाल तर भुर्जी होईल! इथे तुकडी हलवायचीच नसते. ‘तळणे’ही नको, तेल जेमतेम चमचाभर. ‘खरपूस भाजणे’ बरं. पण आपल्या तवा फ्रायसारखा रवा किंवा तांदळाचं पीठ इथे नाही, त्यामुळे खरी मेख पाण्यात आहे. तुकडी ओली असली की ती वाफेवर शिजते, रंग येत नाही. म्हणून ‘पाणी नीट टिपून घ्या’ हे आधी लिहा. आणि कधी उलटायची? तुकडीने तवा सोडला की. चिकटलेली असेल तर अजून वेळ आहे, उलथनं घालून ओढू नका.

‘पांढरा मासा’ मात्र खोडाच. बाजारात मावशी सरळ पापलेट पुढे करतील. कॉड, हेक यांना तिकडे व्हाइट फिश म्हणतात, कारण त्यांची चरबी मांसात नसून यकृतात असते. बांगडा, तारली यांच्या उलट. सरळ ‘जिताडा’ लिहा.

साष्टीकर: जिताडा म्हणजे आमचो चोणक. मान्य.
डीग्लेझला ‘खरवड सोडवणे’. तळाशी लागलेला तो तपकिरी थर म्हणजे खरवडच, वाइनने ती सुटते आणि सॉसला चव देते. फक्त बिडाचा किंवा लोखंडी तवा नको, आंबट वाइनला लोखंडाची चव लागते. रिड्यूस म्हणजे आटवणे, त्यात चर्चा कसली!

पुणेकरीण: आणि सॉसचं नाव? पुस्तकात ‘ब्यूर ब्लाँ’ आहे. ‘पांढरं लोणी’ करू?

नाँतकर: नका हो, वाचणारा थालीपिठावरचा गोळा आणेल. शिवाय हा ब्यूर ब्लाँ नव्हेच. तो आमच्या फ्रान्समधल्या नाँतचा. क्लेमांस लफव्र नावाच्या स्वयंपाकिणीने ल्वार नदीकाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला म्हणतात. बेआर्नेझ (लोणी आणि अंड्याच्या बलकाचा सॉस) करताना बलकच राहून गेला, अशी आख्यायिका. तो वेगळ्या भांड्यात होतो: बारीक चिरलेला शॅलट (छोटा, सौम्य कांदा), वाइन, थोडं व्हिनेगर, चमचा-दोन चमचे उरेपर्यंत आटवायचं, मग थंड लोण्याचे तुकडे एकेक करून मंद आचेवर फेटत घालायचे. त्यात खरवड नसते, आणि मासा बहुधा उकडलेला. तुमच्या सॉसला ‘वाइन-लोण्याचा सॉस’ पुरे. वाइन नाशिकची चेनिन ब्लाँ चालेल, ते द्राक्ष मूळचं ल्वारकाठचंच.

‘स्प्लिट’साठी ‘फाटणे’ नको, ते दुधाचं. सॉस साधारण 58 अंश सेल्सिअसच्या वर गेला की लोण्यातली चरबी वेगळी होते. ‘तूप सुटणे’ म्हणा. गंमत अशी की रश्शाला तेल सुटलं की आपण गॅस बंद करतो, झालं म्हणून. इथे तूप सुटलं की सॉस गेला. तेव्हा ‘तूप सुटू देऊ नका’ हे ठळक लिहा, नाहीतर आपली माणसं सवयीने त्याचीच वाट बघत बसतील. जमला तर ‘मिळून आला’ हा शब्द आहेच.

साष्टीकर: एक राहिलं. ‘अल्कोहोल उडून जातं’ असं ठोकून देऊ नका. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार 15 मिनिटं शिजवल्यावरही सुमारे 40 टक्के उरतं. घरात कोणी वर्ज्य करत असेल तर लिंबू आणि माशाच्या डोक्या-काट्यांचं पाणी सुचवा.

पुणेकरीण: ‘तवा सोडला की उलटा’ आणि ‘तूप सुटू देऊ नका’ घेतलं. ‘खरवडी’ला सासूबाईंचा विरोध. ती फक्त दुधाची म्हणे.

अलिबागकर: भाताची कोण खातं मग त्यांच्याकडे?

पुणेकरीण: त्याच खातात. विचारते.