जुना ट्रॅक्टर खरंच जास्त डिझेल पितो का?

निफाडकर
गावात कुणी २०-२५ वर्षांचा ट्रॅक्टर विकायला काढला की कारण ठरलेलं: ‘डिझेल लई पितो.’ किती, असं विचारलं की उत्तर येतं, तासाला पाच लिटर. त्या पाच लिटरमध्ये काम किती झालं, ते कुणी सांगत नाही. काळ्या रानात पलटी नांगर खोल घातला तर शोरूममधून कालच आणलेला ट्रॅक्टरही पाच लिटरच्या वर जाईल. रिकामी ट्रॉली पिंपळगावहून परत आणायला जुन्यालाही त्याच्या निम्मं पुरेल. हिशेब एकराचा मांडा, तासाचा नको.

माझं मत सांगतो. मॅसी १०३५, महिंद्रा २७५, स्वराज ७३५ या वर्गातल्या जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिनाच्या वयामुळे जातं त्यापेक्षा जास्त नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), एअर फिल्टर, झिजलेले टायर आणि चालवणाऱ्याच्या सवयींमुळे जातं. ही चार कामं न करता, केवळ डिझेल वाचवायचं म्हणून सहा-सात लाख अंगावर घेणं मला पटत नाही. कुणाचं वेगळं मत असेल तर बोला.

दिंडोरीचा द्राक्षवाला
वेगळं आहे आणि बरंच वेगळं आहे. तुम्ही नांगरटीचं धरून बसलात. आमच्याकडे नांगरट वर्षातून कितीशी? रोजचं काम म्हणजे ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र. ऑक्टोबरची गोडी (फळासाठीची) छाटणी झाली की डावणी, भुरी हे रोग. त्यात अवकाळी आला तर फवारणीला दम नसतो. नऊ फुटी ओळीत ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर ६०० लिटरच्या ब्लोअरला जोडून फिरवायचा म्हणजे ताकद अर्धी वाया आणि डिझेल चालूच. वर त्याच्या वजनाने जमीन दबते, पांढरी मुळी चालत नाही. मी २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह घेतला, एका फवारणीचं डिझेल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. आता सांगा, जुना पितो की नाही?

निफाडकर
दादा, तुम्ही ३५ एचपी सोडून २४ एचपी घेतलात. ही तुलना आकाराची झाली, वयाची कुठे झाली? नवा ४० एचपी त्याच ब्लोअरला लावला असता तर तोही अर्ध्या ताकदीवरच फिरला असता. शिवाय बऱ्याच जुन्या मॉडेलांत पीटीओचे (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या दांड्याचे) मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या बरेच खाली मिळतात. तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, काहींच्या मीटरवरही खूण असते. आपली पोरं मात्र ब्लोअर लावला की रेस शेवटपर्यंत ओढून मोकळी होतात.

पंप-नोझलवाला
माझ्या बाकावर रोज इंजिनाचे डिझेल पंप येतात म्हणून बोलतो.

एक. ‘ट्रॅक्टर ओढत नाही, पंप वाढवून द्या’ म्हणणारे निम्मे गिऱ्हाईक असतात. डिझेल वाढवलं तरी हवा तेवढीच, मग जादा डिझेल धूर होऊन बाहेर पडतं. काळा धूर बघून ‘काय ताकद आहे’ म्हणणारे बघितलेत मी. अहो, तो तुमचा पैसा जातोय.

दुसरं कुणी बोलतच नाही ते थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं. उन्हाळ्यात गरम होतो म्हणून गावातला मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो. मग इंजिन धड तापतच नाही. थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि लायनरही लवकर घासतात. गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीत बसलेला कचरा असतो.

जुन्यांना ऑइल बाथ फिल्टर असतो, हवेतली धूळ वाटीतल्या ऑइलात धरणारा. धुरळ्यात रोटर मारत असाल तर वाटीतलं ऑइल रोज बघायचं, गाळ दिसला की बदलायचं. ऑइलला खर्च किती येतो? आणि पाइपच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला साधारण १८० मिली जातं. एका मिलीत २० थेंब धरून हिशेब करा.

सिन्नरचा भाडेवाला
सगळं खरं, पण पोट भरत नाही त्याने. मी दुसऱ्यांची रानं करतो, वर्षाला हजार तास ट्रॅक्टर चालतो. वाफसा मिळतो चार दिवस. त्या चार दिवसांत जुन्याचा क्लच गेला किंवा लिफ्ट उचलेनाशी झाली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, ते परत येत नाही. नव्यात गिअर जास्त, त्यामुळे रोटरला लागणारा नेमका वेग सापडतो. जुन्याच्या आठ गिअरमध्ये एक फार हळू, पुढचा फार जोरात. एकराचाच हिशेब म्हणता ना? मग एकराला वेळ किती लागला तेही धरा.

येवल्याची हिशेबनीस
भाऊ, तुमच्यासाठी नवाच बरोबर आहे. पण हजार तास चालवणारे गावात किती? मी सोपा हिशेब मांडते. नव्याने तासाला एक लिटर वाचतं असं धरू, म्हणजे तुमच्याच बाजूने धरतेय. डिझेल नव्वद रुपये. ४०० तासांच्या शेतकऱ्याचे वाचले ३६,००० रुपये. सहा लाखांच्या कर्जावर १० टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ६०,०००. व्याजापुरतं वाचवायचं तरी साडेसहाशेहून जास्त तास ट्रॅक्टर चालायला हवा, मुद्दल राहिलंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, किमती उतरल्या हे मान्य. त्याने हप्ता कमी होतो, संपत नाही.

आमच्याकडे कांदा. सरी-बेडचं काम महिन्याभरात आटपतं, मग ट्रॅक्टर बाजार समितीच्या लिलावाच्या रांगेत. तिथे गंमत बघा, जुने ट्रॅक्टर तासन् तास चालूच. का, तर बॅटरी डाउन आणि सेल्फ मारत नाही. रांगेत उतार मिळत नाही, मग बंद कोण करणार! नुसता उभा ट्रॅक्टरही तासाला लिटरच्या आसपास डिझेल जाळतो. नवी बॅटरी घेतली असती तर एका कांदा हंगामात बराचसा पैसा वसूल झाला असता.

निवृत्त कृषी अभियंता
थोडे तांत्रिक. बुधनी (मध्य प्रदेश) येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात इंधनाचा खप ‘एका किलोवॅट-तासाला किती ग्रॅम’ असा देतात, म्हणजे झालेल्या कामाच्या प्रमाणात. निफाडकर म्हणतात ते याला धरून आहे. उदाहरणादाखल, २० किलोवॅट (सुमारे २७ एचपी) ताकद लागणारे काम घ्या. एक इंजिन २७० ग्रॅम घेते, दुसरे २५०. तासाला ५.४ आणि ५ किलो डिझेल, म्हणजे अंदाजे साडेसहा आणि सहा लिटर. फरक अर्ध्या लिटरचा. चुकीचा गिअर आणि घसरणारी चाके याहून जास्त खातात.

नव्या प्रदूषण मानकांचाही गैरसमज आहे. ट्रेम-४ मानके १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना लागू झाली. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारी) इंजिने मुख्यतः त्या गटात आली. त्याखालच्या नव्या ट्रॅक्टरमध्ये बहुतांशी अजूनही यांत्रिक पंपच असतो. आणि मानके धुरासाठी आहेत, मायलेजसाठी नाहीत.

चाक किती घसरते ते घरी मोजता येते. मागच्या चाकावर खडूने खूण करा, अवजार उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते मोजा. मग अवजार जमिनीत घालून तेच. अंतर ८ ते १५ टक्क्यांनी कमी झाले तर ठीक. २५ टक्के दिसले तर चौथा हिस्सा चाल मातीत जाते. तेव्हा टायर बदला, नाहीतर चाकात पाणी भरून वजन वाढवा.

दिंडोरीचा द्राक्षवाला
साहेब, बागेत वजन वाढवायचं म्हणता? आधीच दबलेली जमीन!

निवृत्त कृषी अभियंता
बागेसाठी नाही म्हटले, नांगरटीसाठी. हलक्या कामाला ते पाणी काढून टाकायचे, नाहीतर तेही वजन फुकट ओढावे लागते. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस. इंजिन गुदमरू लागले, काळे ओकू लागले, तर मात्र खालच्या गिअरवर या.

सिन्नरचा भाडेवाला
पाणी भरा, पाणी काढा. एवढं करायला माणूस कुठाय? आमचा ड्रायव्हर मोबाइल ठेवून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो तेच पुष्कळ. कागदावर जुना स्वस्त दिसतो, कारण मालकाची मेहनत त्यात कुणी धरत नाही.

येवल्याची हिशेबनीस
ही मेहनत धरायलाच हवी, हे मात्र खरं.

चांदवडचा नवखा
वडिलांचा जुना ट्रॅक्टर आहे, विकायचा की ठेवायचा ते ठरत नाही. एकराचा हिशेब नेमका काढायचा कसा? मीटर बंद आहे.

निफाडकर
तासाचं मीटर लागतच नाही. सपाट जागेवर उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरा. मोजलेला एक एकर करा. परत त्याच जागी उभा करून मापाने डिझेल ओता, जेवढं बसेल तेवढा खप. शेजाऱ्याचा नवा मिळाला तर त्याच रानात, त्याच वाफशावर, त्याच अवजाराने आणि तेवढ्याच खोलीवर करून बघा. आधी नोझल तपासून घ्या, नाहीतर आजारी ट्रॅक्टरची धडधाकटाशी तुलना होईल.

पंप-नोझलवाला
आणि पंपाचं सील तुटलेलं आहे का तेही बघा. तुटलं असेल तर आधी कुणीतरी हात घातलाय.

दिंडोरीचा द्राक्षवाला
मोजा की, पण एक एकर नांगरून निकाल देऊ नका. छाटणीनंतर महिनाभर ब्लोअर लावून मोजा, मग बोलू.