मदत हवी आहे: म्युझिक स्ट्रीमर अ बाजू वाजवतो, ब बाजू लागत नाही

नमस्कार मंडळी,

सांगलीला आई-बाबांकडे मी एक म्युझिक स्ट्रीमर, म्हणजे डिस्कवरची किंवा इंटरनेटवरची गाणी वाजवणारं यंत्र, बसवून दिलं आहे. चार वर्षं काही तक्रार नव्हती. जूनपासून तो रोज मधेच गप्प होतो. मी पुण्यात, स्ट्रीमर सांगलीत, आणि आई फोनवर. मला सुचलं ते सगळं करून झालं, म्हणून इथे विचारतोय.

आधी सामान सांगतो. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणतो), चार जीबी रॅमचा. त्यावर बसवलेला डॅकचा (डिजिटल फाईलचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारा) बोर्ड, तिथून बाबांचा जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. गाणी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत आणि ती डिस्क पायच्या यूएसबीत थेट लावलेली आहे. इंटरनेट लॅनच्या वायरने येतं, वायफायचा संबंध नाही. गाणं लावायचं काम आई मोबाईलवरून करते.

गाणी म्हणजे बाबांच्या ४१२ कॅसेट. बाजारातून घेतलेल्या आहेत, रेडिओवरून उतरवलेल्या आहेत, आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तिथे टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बाबांनी रात्र-रात्र बसून भरलेल्याही आहेत. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून मी त्या सगळ्या फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाईल लहान करणारा प्रकार) उतरवल्या. गाणी तोडत बसलो नाही. जशी कॅसेट तशी फाईल, अ बाजूची एक, ब बाजूची एक. बऱ्याच कॅसेटच्या फितीला तेव्हाच बुरशी आली होती, आता त्या पुन्हा वाजतील असं वाटत नाही. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

लक्षण असं. सकाळी आई कॅसेट लावते. अ बाजू अर्धा तास छान वाजते, अगदी शेवटपर्यंत. मग ब बाजू लागत नाही. अ‍ॅपमध्ये यादी दिसते, पण कशावरही बोट ठेवलं तरी काही होत नाही. आई स्विच बंद करून चालू करते, की परत सुरू. कधी कधी दोनदा बंद-चालू करावं लागतं, कारण पहिल्या वेळी यादीच रिकामी येते.

बाबांना काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नाही. अ बाजू संपली की त्यांचा हात मांडीवर तसाच थांबतो आणि ते आईला विचारतात, "पालटली नाहीस का गं अजून?" आई तोवर स्विचशी झटत असते. हे मी मागच्या वेळी गेलो तेव्हा समोर बसून पाहिलंय.

करून पाहिलेलं: राउटर बदलला, लॅनची वायर बदलली, सॉफ्टवेअर अपडेट केलं, पायच्या डबीला वरून भोकं पाडली. तापमान ६० अंशांच्या वर जात नाही. जूनमध्ये काहीच बदललं नव्हतं. डॅक गेला असेल का? नवा घेऊ का?

प्रतिसाद १

डॅक घेऊ नका, थांबा. आधी दोन गोष्टी सांगा. आकाशवाणीचं रागम किंवा दुसरं कुठलंही इंटरनेट रेडिओ केंद्र लावून दोन तास सोडून द्या. ते बंद पडतं का? आणि डिस्कवरची तीन-चार मिनिटांची गाणी ओळीने लावली तर बंद पडतात का?

धागाकर्ता

दोन्ही करून पाहिलं. रागम सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चालू होतं, एकदाही थांबलं नाही. डिस्कवर थोडी नाट्यपदं सीडीवरून घेतलेली आहेत, प्रत्येक पद वेगळ्या फाईलमध्ये. ती दीड तास वाजली, तीही थांबली नाहीत. म्हणजे फक्त कॅसेटच बंद पडतात! माझ्या फ्लॅक फाईलच बिघडल्यात की काय?

आणखी एक. आई म्हणते, "बंद पडायच्या जरा आधी डब्यातून टक् टक् आवाज येतो रे, पाल चुकचुकल्यासारखा." मला फोनवर ऐकू आला नाही.

प्रतिसाद २

आईंना माझा नमस्कार सांगा, सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनी सांगितली आहे. तो टक् टक् आवाज डिस्कचा आहे. फिरायला पुरेसा करंट मिळाला नाही की डिस्क सुरू व्हायचा प्रयत्न करते आणि सोडून देते, तेव्हा असा आवाज येतो. डिस्क मरायला टेकली तरी असाच येतो, म्हणून बाकी काहीही करायच्या आधी तिची पूर्ण प्रत दुसरीकडे काढा. आजच काढा.

आता रेडिओचं. रेडिओ वाजतोय म्हणजे पाय, डॅक, अँप्लिफायर, राउटर सगळे निर्दोष. उरली डिस्क आणि तिला मिळणारी वीज. लहान गाणी चालतात आणि लांब फाईल संपताना घात होतो, यावरून एक शंका येते. अख्खी फाईल आधी रॅममध्ये ओढून मग वाजवायची सोय तुम्ही चालू केली आहे का? केली असेल तर अर्ध्या तासाची बाजू रॅममधून वाजत असते आणि डिस्कला काही काम नसतं. बऱ्याच पोर्टेबल डिस्क दहाएक मिनिटं कोणी हाक मारली नाही की फिरणं थांबवतात. अ बाजू संपत आली की प्लेअर ब बाजू मागतो, डिस्कला उभ्या जागी पुन्हा फिरायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच ती सगळ्यात जास्त करंट खेचते. अडीच इंची डिस्क सुरू होताना १ अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. गणित तिथेच काठावर आहे. त्यात अ‍ॅडॉप्टर किंवा वायर कमजोर असेल तर व्होल्टेज पडतं, डिस्क तुटते, आणि अ‍ॅपला वाटतं यादी आहे पण फाईल नाही.

नाट्यपदांच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी डिस्कला हाक जाते. तिला झोपायला वेळच मिळत नाही.

पुढच्या वेळी बंद पडला की आईंना स्विचला हात लावू नका म्हणावं. बंद-चालू केलं की लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, पुसला जाऊ शकतो, आणि रोज असा स्विच ओढून बंद केला तर एसडी कार्डही जाईल. तुम्ही पुण्यातून लॉगिन करून कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग बघा.

धागाकर्ता

अंगावर काटा आला वाचताना. हो, रॅममध्ये ओढून घ्यायची सोय चालू आहे. पहाटेच्या शांततेत डिस्कची घरघर बाबांना ऐकू येते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच चालू केली होती.

परवा सकाळी आईला सांगून ठेवलं होतं. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांची कॅसेट लावली, अ बाजू संपली, शांत. आईने फोन केला आणि स्विचपासून लांब उभी राहिली. मी लॉगिन केलं. लॉगमध्ये आधी कमी व्होल्टेजची नोंद, तिच्याखाली दोन सेकंदांनी यूएसबी डिस्क तुटल्याची नोंद. पुरवठ्याची तपासणी करणाऱ्या कमांडचं उत्तर ५०००० आलं. शोधून पाहिलं तर त्याचा अर्थ, आता पुरवठा ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि त्यापायी वेगही कमी केला गेला होता.

मग डिस्कची झोप बंद केली. दुसऱ्या दिवशी ब बाजू लागली. पण सकाळी सुरू करताना यादी पुन्हा रिकामी आली, म्हणजे मूळ दुखणं तसंच आहे. पण अ‍ॅडॉप्टर तर पायसाठीचा, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा घेतला होता. तो चार वर्षांत कमजोर होतो का?

प्रतिसाद २

होऊ शकतो, पण आधी तोच आहे का ते डोळ्यांनी बघा. त्या अ‍ॅडॉप्टरची वायर त्यालाच जोडलेली असते, सुटी होत नाही. वायरमध्ये थोडं व्होल्टेज खर्ची पडणार हे धरूनच तो ५ ऐवजी ५.१ देतो. पायच्या पोर्टाजवळ ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तक्रारीची नोंद होते. मोबाईलचा चार्जर आणि लांब बारीक केबल असेल तर डिस्क उठताना तेवढं सहज पडतं.

धागाकर्ता

शनिवारी सांगलीला जाऊन आलो.

टीव्हीच्या कपाटामागे हात घातला तर हातात मोबाईलचा चार्जर आला. २ अँपिअरचा, आणि त्याला दोन मीटरची बारीक केबल. मे महिन्यात घराला रंग दिला तेव्हा कपाट पुढे ओढून सगळ्या वायरी काढल्या होत्या. परत लावताना जी वायर बसली ती लावली गेली. मूळ अ‍ॅडॉप्टर स्वयंपाकघरात सापडला, मिक्सरशेजारी. आई म्हणाली, "ती वायर जाड होती, मजबूत वाटली, म्हणून मी टॅबला लावते." जूनमध्ये काही बदललं नव्हतं असं मी वर छातीठोकपणे लिहिलंय. ते चुकीचं होतं, तुमचा वेळ गेला त्याबद्दल मनापासून माफी.

मूळ अ‍ॅडॉप्टर जागेवर लावला, आईला टॅबसाठी नवा चार्जर आणला. डिस्क आता स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या यूएसबी हबवर लावली आहे, म्हणजे तिच्या करंटचा भार पायवर येत नाही. डिस्कची झोप मुद्दाम पुन्हा चालू केली आणि दोन दिवसांत सहा कॅसेट लावून पाहिल्या. लॉगमध्ये कमी व्होल्टेजची एकही नोंद नाही. सुरू करतानाही यादी पहिल्याच वेळी येते.

प्रत काढताना एक हिशेब केला. अर्ध्या तासाची बाजू साधारण १५० एमबी होते. ४१२ कॅसेटचे सव्वाशे जीबीच्या आसपास झाले. मग फिरणारी डिस्क हवीच कशाला? २५६ जीबीच्या पेन ड्राईव्हवर सगळं मावतं, घरघर नाही, उठताना करंटची ओढ नाही. फक्त वाजवण्यापुरता पेन ड्राईव्ह आणि जपून ठेवायला दोन डिस्क, एक सांगलीत आणि एक पुण्यात, असं करावं म्हणतोय. पेन ड्राईव्ह रोज तीन-चार तास नुसता वाचला गेला तर तापून बिघडतो का? कोणी वर्ष-दोन वर्षं असा वापरला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

माझ्याकडे तीन वर्षं असाच चालू आहे. वाचण्याने काही होत नाही, लिहिणं कमी ठेवा. जमलं तर केवळ वाचता येईल असा जोडून ठेवा, मग मधेच वीज गेली तरी फाईलला धक्का लागत नाही. पेन ड्राईव्ह शक्यतो धातूच्या आवरणाचा घ्या, उष्णता लवकर बाहेर पडते. आणि दर्ग्यातल्या मैफलींची आणखी एक प्रत घरातल्या तिसऱ्या कोणाकडे ठेवा.

धागाकर्ता

ठेवतो. बहीण कोल्हापूरला असते, तिच्याकडे देतो. आज सकाळी आईचा फोन आला, मागे ब बाजू चालू होती. बाबांनी फोन हातात घेतला आणि मला विचारलं, त्या वर्षीच्या उरुसाची कॅसेट कुठल्या नावाने ठेवली आहेस. नाव सांगितलं. आता ती लावलीय.